जर्मनीत शिकता शिकता ग्रीक अवशेष पाहायचे तर: मार्चमधल्या आठ दिवसांचं काय करावं

प्रश्न थोडक्यात असा: मूळचा नाशिकचा आणि सध्या श्टुटगार्टला सिव्हिलमध्ये मास्टर्स करणारा एक विद्यार्थी विचारतो, "ताई, हिवाळी सत्र संपल्यावर मार्चमध्ये आठ दिवस मोकळे आहेत. मित्रांचा बेत एक दिवस अथेन्स आणि बाकी सगळं सँटोरिनी असा आहे. मला मात्र प्राचीन अवशेष नीट बघायचेत. पैसे बेताचे आहेत, इतिहास शाळेत शिकलो तेवढाच. पडके दगड बघून दोन दिवसांत कंटाळा येईल का? कुठे जाऊ? गाईड घेऊ का? भारतीय पासपोर्टवर काही अडचण?"

पुरातत्त्व शिकायला मी युरोपात आले आणि पुढे विद्यार्थ्यांच्या तुकड्या घेऊन याच ठिकाणांवर शिकवत राहिले, त्यामुळे या प्रश्नावर माझी मतं जरा ठाम आहेत. ती तशीच सांगते.

सँटोरिनी काढून टाक. मार्चमध्ये तिथली बरीच हॉटेलं उघडलेली नसतात, वारा सुटला की बोटी रद्द होतात आणि जाण्यायेण्यातच दोन दिवस जातात. तिथलं अक्रोतिरी हे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं कांस्ययुगीन शहर अप्रतिम आहे, यात वाद नाही. पण ते अथेन्सच्या पार्थेनॉन देवळापेक्षा हजार वर्षांहून जुनं, वेगळ्याच जगाचं आहे. पहिल्या खेपेला ते मधेच घुसडलं तर डोक्यात खिचडी होते.

कंटाळ्याचं म्हणशील तर तो येतो. सगळ्यांनाच येतो, फक्त कबूल कोणी करत नाही. अवशेषांकडे देखावा म्हणून पाहिलं की चौथ्या देवळापाशी सगळे खांब सारखेच वाटायला लागतात. त्यांच्याकडे झालेलं काम म्हणून बघायचं: हा दगड कुठून आणला, कसा उचलला, शेजारच्याला कसा जोडला, काम कुठे थांबलं, नंतर कोणी काय उपटून नेलं. तू सिव्हिलचा आहेस. या बाबतीत तू माझ्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांच्या चार पावलं पुढे आहेस. म्हणून माझा सल्ला एवढाच, की ठिकाणं कमी घे आणि प्रत्येक ठिकाणी काम दिसेपर्यंत थांब.

आधी कागदपत्रं उरकू. जर्मनीचं विद्यार्थी म्हणून मिळालेलं वैध रेसिडेन्स परमिट आणि पासपोर्ट हातात असेल तर इतर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरायला वेगळा व्हिसा लागत नाही. ग्रीस आणि इटली दोन्ही त्यात येतात. दोन्ही कागद मूळचेच बरोबर ठेव, मोबाईलमधला फोटो चालत नाही. कार्डाची मुदत संपून नूतनीकरण अडकलं असेल आणि हातात नुसता तात्पुरता कागद असेल, तर तिकीट काढण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचार. त्या कागदाचे प्रकार आहेत आणि सगळ्यांवर प्रवास करता येत नाही. इंग्लंड-आयर्लंडमध्ये शिकणाऱ्यांना मात्र शेंगेन व्हिसा काढावाच लागतो.

सवलतींच्या बाबतीत आपली मुलं हमखास फसतात. ग्रीसच्या सरकारी स्थळांवर २५ वर्षांपर्यंतच्या युरोपीय संघाच्या नागरिकांना फुकट प्रवेश आहे आणि इटलीत १८ ते २५ वयाच्या त्याच नागरिकांना सरकारी संग्रहालयं २ युरोत पाहता येतात. जर्मन विद्यापीठाचं ओळखपत्र दाखवलं म्हणून हे आपल्याला लागू होत नाही, कारण इथे पासपोर्ट कोणाचा हे बघतात. खिडकीवर हुज्जत घालू नकोस. २०२५ पासून एकट्या अक्रोपोलिसचं, म्हणजे अथेन्समधल्या पार्थेनॉनच्या टेकडीचं, तिकीट ३० युरो झालंय. ते ठरावीक वेळेचं असतं आणि अधिकृत सरकारी संकेतस्थळावरूनच घ्यायचं. शोधल्यावर वरती दिसणारे बरेच जण तेच तिकीट दामदुपटीने विकतात.

उलट मार्चचा एक फायदा आहे. नोव्हेंबर ते मार्च दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी स्थळं सगळ्यांना फुकट असतात आणि ६ मार्चलाही. हा मेलिना मर्कुरी यांचा स्मृतिदिन. त्या अभिनेत्री होत्या, पुढे संस्कृतिमंत्री झाल्या आणि लंडनला नेलेली पार्थेनॉनची शिल्पं परत मिळावीत म्हणून शेवटपर्यंत भांडल्या. या दोन तारखा प्रवासात बसल्या तर तुझे बरेच पैसे वाचतील. २५ मार्च मात्र टाळ. तो ग्रीसचा राष्ट्रीय दिवस, त्या दिवशी स्थळं बंद असतात. आणि हिवाळी वेळापत्रक मार्चअखेरपर्यंत चालतं, म्हणजे बरीच स्थळं दुपारी साडेतीन-चारलाच दार लावतात. युरोपातल्या विद्यार्थ्यांची सकाळ अकराला उजाडते, तशी उजाडून इथे चालायचं नाही.

आता गृहपाठ, तोही तुझ्या दारातच होण्यासारखा. श्टुटगार्टहून ट्युबिंगेन रिजनल गाडीने तासाभरावर. तिथल्या होहेनट्युबिंगेन किल्ल्यात विद्यापीठाचा संग्रह आहे आणि त्यात ग्रीक शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती एका दालनात दाटीवाटीने उभ्या आहेत. जर्मन विद्यापीठांत अशा प्रतिकृती जमवायची जुनी परंपरा आहे. ग्योटिंगेनचा संग्रह तर १७६७ पासूनचा. मूळ शिल्पं वेगवेगळ्या देशांत विखुरलेली असतात, इथे ती शेजारी-शेजारी ठेवून ताडून बघता येतात. ट्युबिंगेनलाच एक अस्सल चीजही आहे. शिरस्त्राण घालून धावण्याच्या शर्यतीत उतरलेल्या खेळाडूची, हातात मावेल एवढी कांस्यमूर्ती, इ.स.पू. ५ व्या शतकाच्या सुरुवातीची. गुडघे वाकलेले, अंग पुढे झुकलेलं, शर्यत सुटण्याच्या बेतात. ती आधी बघ.

दुसरा गृहपाठ म्युनिकचा. तिथल्या ग्लिप्टोथेक संग्रहालयाला रविवारी १ युरो पडतो. आयगिना बेटावरच्या अफाया देवीच्या देवळाच्या दर्शनी त्रिकोणांमधली शिल्पं १८११ मध्ये सापडली आणि बव्हेरियाच्या युवराजाने विकत घेतली, ती इथे आहेत. देवळाच्या पश्चिम आणि पूर्व बाजूंचा प्रत्येकी एक मरता योद्धा शोधून काढ. पश्चिमेकडचा छातीतला बाण उपसतोय, पण तोंडावर जुन्या पद्धतीचं ठरावीक स्मित, जणू काही झालंच नाही. पूर्वेकडचा ढालीवर कोसळतोय, मान खाली, एकेक अवयव निसटत चाललेला. दोघांत अंतर असेल-नसेल दहा-वीस वर्षांचं. एवढ्या काळात शिल्पकारांना मरणं कसं दाखवायचं ते कळलं. १९ व्या शतकात थोरवाल्डसन या डॅनिश शिल्पकाराने तुटलेले हातपाय नव्याने बसवले होते आणि १९६० च्या दशकात ते पुन्हा काढून टाकले. दुरुस्ती कुठवर करायची हा वाद तुला अथेन्समध्ये परत भेटेल.

अथेन्सला चार दिवस दे. पहिल्याच दिवशी अक्रोपोलिसवर धावू नकोस. सुरुवात खालच्या प्राचीन अगोरापासून कर, म्हणजे बाजार, कचेऱ्या, न्यायालयं, चकाट्या पिटायची जागा, सगळं एकत्र. तिथलं हेफेस्टसचं देऊळ छतासकट जवळजवळ अख्खं उभं आहे, कारण ७ व्या शतकात त्याचं चर्च झालं. हा नियम लक्षात ठेव: जिथे ग्रीक देऊळ शाबूत दिसेल तिथे नंतर कोणीतरी प्रार्थना करत होतं. वापरात राहिलं ते वाचलं, ओस पडलं त्याचे दगड लोकांनी नेले.

अगोराचं संग्रहालय अट्टालसच्या ओवरीत आहे. ही लांबलचक दुमजली ओवरी अमेरिकन पुरातत्त्व संस्थेने १९५० च्या दशकात जुन्या पायावर नव्याने बांधली. काही मंडळी तिला नावं ठेवतात, मला ती फार उपयोगाची वाटते. भर उन्हातून आत शिरलं की ग्रीकांना खांबांच्या रांगा का लागत होत्या ते अंगाला कळतं. आत खापऱ्यांची कपाटं बघ. अथेन्सचे नागरिक वर्षातून एकदा नको झालेल्या पुढाऱ्याचं नाव खापरीवर कोरून त्याला दहा वर्षांसाठी हद्दपार करू शकत. अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लिस या पुढाऱ्याच्या नावाच्या सुमारे १९० खापऱ्या एकगठ्ठा सापडल्या आणि अक्षर तपासल्यावर दिसलं की ती मोजक्याच हातांनी कोरलेली आहेत. मतदारांच्या हातात आयत्या द्यायला आदल्या रात्री बसून तयार केलेल्या चिठ्ठ्याच म्हण ना. लोकशाहीचं माहेरघर वगैरे व्याख्यानं नंतर ऐक, आधी ही खापरी बघ.

अगोरातून बाहेर पडण्यापूर्वी मान वर करून अक्रोपोलिसची उत्तरेकडची भिंत न्याहाळ. चौकोनी दगडांच्या मधे गोल चकत्यांची एक रांग दिसेल. ते खांबांचे तुकडे आहेत. आजच्या पार्थेनॉनच्या आधी त्याच जागी दुसरं देऊळ बांधायला घेतलं होतं. इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियन सैन्याने शहर जाळलं तेव्हा ते अर्धवटच होतं. त्याच्या खांबांचे तुकडे अथेन्सकरांनी तटात बसवले. दगड वाया जाऊ नये हा हिशेब असेलच, पण हे तुकडे शहराच्या बाजूने, सहज दिसतील असे ओळीत लावलेत. रोज बाजारात येणाऱ्या माणसाला ते दिसत होते.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी आठला वर. प्रोपिलाया म्हणजे प्रवेशद्वाराची इमारत, वास्तुकार म्नेसिक्लेस, इ.स.पू. ४३७ मध्ये सुरू झाली आणि ४३२ च्या सुमारास काम थांबलं, कारण स्पार्टाशी युद्ध दारात आलं होतं. इथे लोक फोटो काढत पुढे सरकतात. तू बाजूला होऊन भिंती बघ. दगडांच्या तोंडावर मुठीएवढाले उंचवटे राहिलेले दिसतील. दगड उचलायला, दोर अडकवायला, पहारीने सरकवायला पाथरवट हे उंचवटे मुद्दाम ठेवत आणि अगदी शेवटी, भिंत उभी राहिल्यावर, टाकीने तासून काढत. इथे तो शेवटचा हात फिरलाच नाही. चोवीसशे वर्षांपूर्वी बंद पडलेलं बांधकाम आहे हे, फक्त पराती-पहारी तेवढ्या उचलून नेल्यात.

पार्थेनॉन इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळातला. इक्टिनोस आणि कल्लिक्रातेस हे वास्तुकार, शिल्पांची देखरेख फिडियासकडे. दगड पेंटेलिकोन डोंगरातला, म्हणजे पंधराएक किलोमीटरवरून ओढून आणलेला. दर्शनी बाजूला ८ खांब, लांबीला १७, प्रत्येक सुमारे १०.४ मीटर उंच आणि प्रत्येक दहा-बारा तुकडे एकावर एक रचून केलेला. चुना नाही, सिमेंट नाही. आपल्याकडची सिन्नरच्या गोंदेश्वरासारखी यादवकालीन देवळं तू पाहिली असशीलच, तीही बिनचुन्याची. दगडाच्या स्वतःच्या वजनावर भरवसा ठेवून बांधायची ही रीत. तुकडा तुकड्यावर बसताना कागदही मधे जाऊ नये असा सांधा साधायला ग्रीकांची एक युक्ती होती. दगडाची पूर्ण बाजू घासत बसायचं नाही, फक्त कडेची पट्टी तंतोतंत घासायची आणि मधला भाग किंचित खोल, ओबडधोबड ठेवायचा. जमिनीवर पडलेल्या कुठल्याही चिऱ्याची बाजू बघ, ही कडेची गुळगुळीत चौकट दिसते. एकदा दिसली की मग प्रत्येक ठिकाणी दिसत राहते.

शेजारशेजारचे चिरे लोखंडी आकड्यांनी जोडत. दगडात खाच पाडायची, आकडा बसवायचा आणि वर वितळलेलं शिसं ओतायचं. शिशामुळे लोखंडाला हवा-पाणी लागत नसे, गंज चढत नसे, भूकंपात थोडी लवचिकताही मिळे. पुढच्या शतकांत धातूच्या लोभाने लोकांनी हे आकडे उकरून काढले. ग्रीक अवशेषांवर सगळीकडे दिसणारी ती वेडीवाकडी भोकं ही त्याची खूण, गोळ्यांची असतीलच असं नाही. अर्थात गोळ्यांचीही आहेत. १६८७ मध्ये व्हेनिसच्या सैन्याने वेढा घातला तेव्हा तुर्कांनी पार्थेनॉनमध्ये दारूगोळा साठवला होता, त्यावर तोफगोळा पडला आणि मधला भाग उडाला. तोपर्यंत हे देऊळ, मग चर्च, मग मशीद, असं करत बरंचसं उभं होतं.

तुझ्या धंद्यातली खरी गोष्ट पुढे आहे. २० व्या शतकाच्या सुरुवातीला निकोलाओस बलानोस या अभियंत्याने दुरुस्ती केली. त्यानेही लोखंड वापरलं, पण प्राचीन कारागिरांसारखं शिशात नीट बंद केलं नाही. लोखंड गंजलं, फुगलं आणि आतून संगमरवर फोडत गेलं. १९७५ मध्ये समिती नेमून हे सगळं उलगडायला घेतलं. जुने आकडे काढले, टायटॅनियम घातलं, चुकीच्या जागी बसवलेले दगड मूळ जागी नेले. पांढरेशुभ्र तुकडे दिसतील ते त्याच पेंटेलिकोनचे नवे भरणीचे दगड. क्रेन आणि परांच्या मधे आल्या म्हणून हळहळू नकोस. माझ्या विद्यार्थ्यांना मी परांच्याच आधी दाखवते.

आणि ते प्रसिद्ध वक्र. पार्थेनॉनचं जोतं सपाट नाही. मधोमध ते उचललेलं आहे, रुंदीच्या बाजूला सुमारे ६ सेंटिमीटर आणि लांबीच्या बाजूला सुमारे ११. खांब किंचित आत कललेले, कोपऱ्यावरचे जरा जाड. कारण काय, डोळ्याला सरळ दिसावं म्हणून की पाणी वाहून जावं म्हणून, यावर पंडित भांडोत. तू याचा खर्च काढ. जोतं वक्र म्हटल्यावर प्रत्येक खांबाचा सगळ्यात खालचा तुकडा तिरका कापावा लागतो, प्रत्येक चिरा जवळजवळ आपल्याच जागेचा होतो, शेजारच्याशी अदलाबदल चालत नाही. हजारो दगडांचं हे गणित त्यांनी पंधरा वर्षांत, शिल्पांसकट, पुरं केलं.

खाली २००९ मध्ये उघडलेलं अक्रोपोलिस संग्रहालय आहे. त्याचा सगळ्यात वरचा मजला पार्थेनॉनच्याच मापाचा आणि दिशेचा आहे. अस्सल पट्टिका पिवळसर, लंडनला असलेल्यांच्या जागी पांढऱ्या प्लास्टरच्या. कोणी भाषण न देता तक्रार मांडायची ती मांडलेली आहे. म्युनिकला जाऊन आलेल्या माणसाला इथे थोडं अवघडल्यासारखं होतं, तेही चांगलंच.

चौथ्या दिवशी पिरेअसहून बोटीने आयगिना. साधी बोट सव्वा तासात पोचते, पुढे बस. पाइनच्या झाडीत, टेकडीवर अफायाचं देऊळ. तुला म्युनिकमधले दोघे मरते योद्धे आठवत असतील. इथे त्यांच्या जागा रिकाम्या आहेत. शिल्पं एवढ्या उंचीवर, खालून पाहणाऱ्यासाठी घडवली होती हे संग्रहालयात कळत नाही, इथे कळतं. हवा खराब असेल तर आयगिनाऐवजी बसने सूनियोन, समुद्रकड्यावरचं पोसायडनचं देऊळ. तिथे गर्दी सूर्यास्ताला होते, तू दुपारी जा.

पाचवा-सहावा दिवस डेल्फीचा. बस साधारण तीन तास घेते. दिवसाची सहल करतात लोक, पण एक रात्र राहा. पार्नासोस डोंगराच्या उतारावर हे देवस्थान आहे. उत्खननासाठी १८९० च्या दशकात फ्रेंचांनी वर वसलेलं कास्त्री गाव अख्खं उठवून दुसरीकडे वसवलं. आजचं डेल्फी गाव ते. थोलोस ही गोल इमारत, नाट्यगृह, मैदान, कांस्यातला सारथी, हे सगळं तुला कोणीही दाखवेल. मी तुला एका भिंतीपाशी उभं करते.

अपोलोच्या देवळाची ओटी सावरून धरणारी ही भिंत इ.स.पू. ६ व्या शतकातली. दगड चौकोनी नाहीत, वेडेवाकडे, गोलाईदार कडांचे, एकमेकांत असे बसवलेत की फट नाही. भूकंपाच्या मुलखात हा विचार करून केलेला सांधा. जवळ जा, दोरीच्या अलीकडून का होईना. दगडांचा पृष्ठभाग खरखरीत वाटेल, मग हळूहळू त्यात अक्षरं दिसायला लागतील. बारीक, दाटीवाटीची, ओळीला ओळ लागलेली, दगडभर. ही शेकडो दासमुक्तीची खतं आहेत, बहुतेक इ.स.पू. २ ऱ्या शतकापासून पुढची. दास किंवा दासी स्वतःचे पैसे साठवायची, मालक तिला अपोलो देवाला 'विकायचा', पैसे मालकाला मिळायचे आणि देवाची झाली म्हणजे ती मोकळी. नाव, कुठली, किंमत किती, साक्षीदार कोण, सगळं कोरलेलं. आणि बऱ्याच खतांत एक कलम असतं: मालक जिवंत आहे तोवर हिने त्याच्याजवळच राहायचं. पैसे भरून झाले, नाव देवाच्या भिंतीवर कोरलं गेलं, तरी पाय निघायचा नाही. माझे विद्यार्थी देवळाकडे पाठ करून या भिंतीशी बसतात तेव्हा मला बरं वाटतं.

तू नाशिकचा म्हणून एक आडवाट. पांडवलेण्यांतलं १७ क्रमांकाचं लेणं धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त या यवनाने (तेव्हाच्या लेखांत यवन म्हणजे ग्रीक) खोदवलं, असं तिथला लेख सांगतो. उत्तरेतल्या दत्तामित्री गावचा माणूस, आईवडिलांच्या पुण्यासाठी त्रिरश्मी डोंगरात लेणं, चैत्य आणि पाण्याच्या टाक्या देतो. कार्ल्याच्या खांबांवरही धेनुकाकटच्या यवनांची नावं दाते म्हणून आहेत. ही माणसं वंशाने ग्रीक किती आणि रीतीने भारतीय किती झाली होती, हा मोठा विषय आहे. पण सुट्टीत घरी गेलास की तो लेख बघून ये. डेल्फीची भिंत पाहिलेल्या डोळ्यांनी तो वेगळा वाचला जातो.

उरलेले दोन दिवस नाफ्लियोमध्ये मुक्काम करून एपिदाव्रोस आणि मिकिने. याबद्दल फार लिहीत नाही, कारण दोन्ही ठिकाणं आपली आपण बोलतात. एपिदाव्रोसच्या नाट्यगृहात ५५ ओळी आहेत, सगळ्यात वर जाऊन बस आणि खाली कोणी नाणं टाकेल त्याची वाट बघ. कोणीतरी टाकतंच. मिकिनेला अत्रेअसचा खजिना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या थडग्याच्या दाराची वरची तुळई बघ, सुमारे १२० टनांचा एक दगड. हे सगळं पार्थेनॉनच्या आठशे-नऊशे वर्षं आधीचं. बसगाड्या हिवाळ्यात कमी, म्हणून परतीची वेळ उतरतानाच विचारून ठेव. ऑलिम्पिया या खेपेला सोड, अंतर फार आहे.

पुढच्या सुट्टीत ग्रीसला परत न जाता दक्षिण इटली गाठ. उत्तम टिकलेली बरीच ग्रीक देवळं तिथे आहेत, कारण ग्रीकांच्या वसाहती तिथे होत्या. सालेर्नोहून गाडीने अर्ध्या-पाऊण तासात पेस्टुम. स्टेशनातून चालत प्राचीन वेशीतून आत. तीन डोरिक, म्हणजे साध्या, जाड खांबांच्या ग्रीक शैलीतली, देवळं ओळीने, इ.स.पू. ५५० ते ४६० च्या दरम्यानची. सगळ्यात जुन्याच्या दर्शनी बाजूला नऊ खांब आहेत, विषम संख्या. म्हणजे मधोमध खांब येतो आणि गाभाऱ्यासमोर मधलं दारच उरत नाही. खांब पोटाशी फुगलेले, वरची उशी भाराखाली चेपल्यासारखी. शंभरएक वर्षांनंतरच्या शेजारच्या देवळात हे सगळं सुटलेलं दिसतं. मला विचारशील तर डोरिक देवळाची वाढ समजायला याहून चांगली जागा नाही. मलेरियाने ओस पडलं म्हणून हे टिकलं, म्हणजे वर सांगितलेल्या नियमाला अपवादही आहे.

सिसिलीत सेजेस्ताचं देऊळ तुझ्यासाठी खास. इ.स.पू. ५ व्या शतकाच्या अखेरचं. ३६ खांब उभे, पण त्यांवर पन्हळी कोरलेल्या नाहीत, पायऱ्यांच्या दगडांवर उचलण्याचे उंचवटे तसेच. आणि सेलिनुंते जवळची कूझाची खाण. सेलिनुंतेच्या देवळासाठी खांबांचे प्रचंड तुकडे तिथेच खडकातून कोरले जात होते. इ.स.पू. ४०९ मध्ये कार्थेजने शहर पाडलं आणि काम थांबलं. काही तुकडे पूर्ण सुटलेले, काही खडकाला बुडाशी चिकटलेले, भोवतीने जेमतेम एक माणूस टाकी चालवू शकेल एवढीच खाच. या दोन ठिकाणी बस नीट मिळत नाही, चौघं मिळून गाडी घ्यावी लागते. परवान्याचे आणि वयाचे नियम गाडीवाल्याला आधी विचार, २५ च्या आतल्या चालकाला जास्त पैसे लावतात.

गाईडचं: आठही दिवस नको. ग्रीसमध्ये स्थळांवर माहिती सांगायचा परवाना असलेलेच गाईड असतात आणि ते चांगले शिकलेले असतात. एकदाच, अक्रोपोलिसवर, छोट्या गटात घे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे विद्यापीठातल्या अभिजात पुरातत्त्वाच्या वर्गात बाहेरचा श्रोता म्हणून बसायला मिळतं का ते विचारणं. अभ्यास सहलींत कधी कधी एखादी जागा रिकामी असते.

खाण्याचं नशीब तुझ्या बाजूने आहे. मार्चमध्ये ऑर्थोडॉक्स ईस्टरआधीचा मोठा उपास असतो आणि खाणावळीत मांस, अंडी, दूधदुभतं नसलेले पदार्थ वेगळे मांडलेले असतात. 'निस्तीसिमो' आहे का एवढं विचार. कडधान्यं, पालेभाज्या, भरलेल्या द्राक्षपानांच्या सुरळ्या. घरापासून दूर शाकाहारी राहणाऱ्यांना यासारखा महिना नाही. मात्र शिंपल्यांसारखे जलचर या उपासाला चालतात, तेवढं तपासून घे.

चपला नकोत, बूट घाल. अक्रोपोलिसवरचा खडक पायांनी घासून आरशासारखा झालाय आणि पावसात त्यावरून धडधाकट माणसं पडतात. संग्रहालयात पुतळ्यासारखी पोज देऊन शेजारी उभा राहू नकोस, पहारेकरी ओरडतात आणि ते बरोबरच आहे. जमिनीवर पडलेली खापरी, संगमरवराचा खडा, काहीही खिशात घालू नकोस. कायद्याने तो गुन्हा आहे, विमानतळावर सापडला तर सुट्टी, परमिट आणि पदवी तिन्ही अडचणीत येतील.

मित्रांशी भांडण नको. त्यांना सँटोरिनीला जाऊ दे, परतीचं विमान सगळ्यांचं अथेन्सहूनच असेल. शेवटच्या सकाळी त्यांना प्रोपिलायाशी भेट, पण तिकिटाची वेळ सगळ्यांची एकच घ्या, नाहीतर निम्मे आत आणि निम्मे दाराशी राहतात.